ओटी, परस आणि चहा : पेण-रोहा परिसरातील वाड्यांच्या सामाजिक इतिहासाचा एक विचार

इंग्लंडमध्ये १८९५ च्या जानेवारीत 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. रम्य स्थळे आणि ऐतिहासिक वास्तू समाजासाठी राखून ठेवणे हा तिचा हेतू होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, तेथील अर्थमंत्री विल्यम हार्कोर्ट यांनी मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवर नव्या पद्धतीने कर बसविला होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याजोगा नव्हता. पुढील अर्धशतकात या कराचे दर चढत गेले, दोन महायुद्धांत घराण्यांचे वारस कामी आले आणि मोठमोठ्या जमीनदारांना आपले ग्रामीण प्रासाद सांभाळणे अशक्य झाले. १९३७ नंतर अशी घरे ट्रस्टकडे सोपविण्याची कायदेशीर सोय झाली. आज तेथे तिकीट काढून आत जाणारा सामान्य माणूस उमरावाची दालने पाहतो, त्याच्या बागेत फिरतो आणि बहुधा जुन्या तबेल्यात मांडलेल्या चहागृहात बसून चहा घेतो. एके काळी ज्या घरात त्याच्या आजीने मोलकरीण म्हणून मागच्या दाराने प्रवेश केला असेल, त्या घरात तो पुढच्या दाराने जातो. सरंजामी वास्तू सार्वजनिक होण्याची ही एक रीत होय.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांत इंग्लिश प्रासादांच्या तोडीची वास्तू शोधू गेल्यास ती मिळणार नाही. परंतु इनामदार, खोत, वतनदार आणि सावकार यांचे वाडे येथे गावोगाव होते आणि त्यांपैकी काही आजही उभे आहेत. गेल्या दोन दशकांत त्यांतील काहींकडे आणि त्यांच्या भोवतालच्या वाड्यांकडे पर्यटक वळू लागला आहे. तोही घर पाहतो, परसातील झाडे पाहतो, ओटीवर बसून चहा पितो. दोन्हीकडचे दृश्य सारखेच दिसते. मात्र इंग्लंडात घर समाजाकडे आले आणि त्याबरोबर घराचा हिशेबही उघडा झाला. येथे जमीन कायद्याने कुळांकडे गेली, घर घराण्याकडेच राहिले, आणि दोहोंना जोडणारी हकीकत कोणाच्याच ताब्यात राहिली नाही. प्रस्तुत निबंधात या तिसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

वाड्याच्या मागची जमीन

पेण-रोह्याच्या वाड्याची बाग समजण्यासाठी प्रथम तेथील शेत समजून घ्यावे लागते. अलिबागच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या आगरांची सलग रांग आहे; पेण-रोह्यात ती नाही. येथे मुख्य पीक भाताचे, आणि त्याच्या जमिनी दोन प्रकारच्या : डोंगराकडील गोड्या पाण्याच्या आणि खाडीकडील खारवट. खारजमीन ही निसर्गाने दिलेली नव्हे. भरतीचे पाणी मातीच्या बांधाने अडवून, कित्येक पावसाळ्यांत तिचा खार धुऊन काढून ती मिळवावी लागे. पेण भागात यावरूनच 'शिलोत्री' नावाची धारापद्धती रूढ झाली होती. ज्याने बांध घालण्याचा खर्च केला आणि त्याची डागडुजी पत्करली, त्या शिलोत्रीदाराला कुळांकडून सरकारी धाऱ्याखेरीज धान्याचा वेगळा वाटा मिळे. बांध शाबूत असेपर्यंत ही व्यवस्था समजण्यासारखी होती. पण हक्क वंशपरंपरेने चालत राही आणि बांधाची माती मात्र दर पावसाळ्यात कुळालाच टाकावी लागे, असे झाले की तंटा उभा राहत असे. वाड्याच्या कोठीघरातील भात या बांधांवरून आलेले असे. म्हणून वाड्याचा खरा पाया चिऱ्याच्या जोत्यापेक्षा खाडीकाठच्या चिखलात शोधणे अधिक योग्य ठरेल.

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडातील, खोत आणि कुळे यांच्या संघर्षाची कथा सर्वज्ञात आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ इतका प्रदीर्घ काळ शेते पडीक ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ही कथा येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पण वाड्याच्या ओटीवर चहाचा कप हाती घेतलेल्या पाहुण्याला ती कोणी सांगत नाही, एवढे नमूद केले पाहिजे.

परस

पुढचे अंगण हे दाखविण्याचे स्थळ. परस हे वापरण्याचे. मराठी वाड्यात 'बाग' ही बहुतांशी परसातच असते, आणि ती डोळ्यांच्या सुखासाठी क्वचितच लावलेली असते. न्हाणीघराचे पाणी पाटाने केळीकडे आणि अळूकडे वळविलेले असते. विहिरीवर रहाट, रहाटाच्या पन्हळीखाली पोफळी. पोफळीला वेढून नागवेल. जास्वंद, तगर, अनंत आणि प्राजक्त देवपूजेसाठी. एखादा बकुळ, दाराशी शेवगा, कुंपणाला अडुळसा, आणि कोपऱ्यात गवती चहाचे बेट. फणस आणि आंबा हे या बागेचे ज्येष्ठ सभासद. इंग्लिश बागेत मालक फिरावयास जातो. येथे फिरणारी स्त्री असे, आणि तीही कामासाठी. सकाळी फुले, दुपारी भाजी, सायंकाळी पाणी. विधवा आणि सोवळ्यातील वृद्धा यांना घराबाहेर पडण्याची मुभा नसताना आकाश दिसण्याची एकच जागा परस ही होती. वाड्यांच्या वर्णनांत कोरीव खांब आणि तुळयांची लांबी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परसाविषयी त्या मानाने फारच थोडे. याचे कारण वर्णने लिहिणारे पाहुणे ओटीवर थांबत, हे असावे.

परसाला स्वतःचे दारही असे. त्या दाराने मोलकरीण येई, गडी येई, लाकूडफाटा घेऊन कातकरी स्त्री येई. तिचे येणे पायरीपर्यंत असे. पेण आणि रोह्याच्या डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकूर यांच्या वस्त्या पूर्वापार आहेत. 'कातकरी' हे नावच खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून आलेले. १८७८ च्या वनकायद्याने जंगलावरील त्यांचा वावर आवळला गेला. पुढे कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या आणि जमीनमालकांचे बांध हीच त्यांची उपजीविका झाली. यातील कित्येक वाड्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीत वसलेल्या आहेत. घर आपले, खालची जमीन परक्याची, अशी ही स्थिती अद्याप पुष्कळ ठिकाणी संपलेली नाही.

चहाचा उंबरठा

चहा या घरांत फार जुना नाही. पाहुण्याला आल्याबरोबर गूळपाणी देण्याची पद्धत कितीतरी पूर्वीची. चहा आला तो शहरातून. नोकरी, वकिली आणि शिक्षण यांच्या निमित्ताने मुंबई-पुण्यास राहिलेल्या मुलांबरोबर. आणि तो आला तेव्हा धर्माचा प्रश्न घेऊन आला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींनी मिशनऱ्यांच्या निमंत्रणावरून चहा-बिस्किटे घेतली (काहींनी कप नुसता हाती धरला, असेही सांगितले गेले). गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापवून आणली आणि ग्रामण्य माजले. शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. पेय तेच राहिले. प्रश्न होता तो कोणाच्या हातचे आणि कोणत्या भांड्यातून, हा.

१९०३ च्या चहा उपकर कायद्यानंतर या उपकरातून चहाचा प्रचार होऊ लागला, आणि १९३० च्या मंदीत परदेशी बाजारपेठ आटल्यावर देशी गिऱ्हाइकाकडे विशेष लक्ष पुरविले गेले. चहा गावोगाव पोहोचला. मात्र त्याने वाड्यातील बैठकीची प्रतवारी मोडली नाही. उलट ती मोजण्याचे नवे माप दिले. समान दर्जाच्या पाहुण्याला ओटीवर पितळी पेला, सरकारी अंमलदाराला चिनी मातीची कपबशी, कुळाला अंगणात किंवा पडवीच्या कडेला, आणि अस्पृश्य मानलेल्याला वळचणीला खोचून ठेवलेली वेगळी बशी किंवा करवंटी. ती त्याने स्वतः काढावी, स्वतः धुवावी आणि परत तेथेच ठेवावी. याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे आठवले की वळचणीच्या बशीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

गागोदे आणि रोहा

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळील नाते येथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले आणि रोह्यात वडिलांच्या वकिलीच्या घरी वाढले. एक इनामी जमिनी असलेल्या घराण्यातील, दुसरा आडनावातच वतनाची खूण वागविणारा. दोघेही वाड्याच्या जगातून बाहेर पडले. आणि दोघांनीही, अगदी निराळ्या मार्गांनी, वारसाहक्काच्या मालमत्तेवर हात घातला.

विनोबांचे आजोबा शंभुराव हे व्रतस्थ गृहस्थ होते. वाई येथील भावे घराण्याच्या कोटीश्वर मंदिरात त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश दिला होता आणि मुसलमान गायकाला गावयास बोलाविले होते. फणस पिकला की तो आधी शेजाऱ्यांना वाटावा आणि मग घरच्यांनी खावा, ही आई रुक्मिणीबाईंची शिस्त विनोबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत सांगितली आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानास प्रारंभ झाला, तेव्हा तेथील जमीनमालकाकडे जे मागितले गेले त्यात फणसाचा हा संस्कार होता, असे म्हणता येईल. टीकाही येथेच उद्भवते. परसातले फळ वाटणारा झाडाचा मालकच राहतो. वाटण्याचा आनंद त्याचा, घेण्याचे ऋण दुसऱ्याचे. भूदानात मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळशा निकृष्ट किंवा तंट्यातील निघाल्या, याचे मूळ दानाच्या या स्वरूपात होते.

देशमुखांचा मार्ग कायद्याचा. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञान शिकताना वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविणारा हा विद्यार्थी १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५० मध्ये देशाचा अर्थमंत्री, आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्याचा खासदार. त्यांच्याच कारकिर्दीत १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा संमत झाला. ज्या कराने इंग्लंडमधील प्रासादांची दारे सामान्यांना उघडून दिली, त्याच जातीचा हा कर. १९५१ च्या नोव्हेंबरात विनोबा नियोजन मंडळाशी चर्चा करण्यासाठी पवनारहून पायी दिल्लीस पोहोचले, तेव्हा देशमुख त्या मंडळाचे सदस्य होते. पेण आणि रोहा यांमधले अंतर दिल्लीत बरेच वाढलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही. भारतातील इस्टेट ड्यूटी फारशी फलदायी ठरली नाही. वसुलीच्या मानाने कटकट अधिक, या कारणाने ती १९८५ मध्ये रद्द झाली. तिच्यामुळे पेण-रोह्यातील वाडे सार्वजनिक झाले नाहीत.

वाड्यांची सत्ता मोडली ती मुंबई राज्याच्या जमीनविषयक कायद्यांनी. १९४८ चा कूळकायदा, खोती नष्ट करणारा १९४९ चा कायदा, व्यक्तिगत इनामे रद्द करणारा १९५२ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन, ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले, या क्रमाने हे घडले. सर्व कुळांना जमीन मिळाली असे नाही. ज्यांची नोंदच नव्हती ती वगळली गेली, आणि कित्येकांनी दबावाखाली 'राजीनामे' लिहून दिले. तरीही कोठीघरे रिकामी झाली. घरातील मुले मुंबईला गेली, वाड्याला कुलूप लागले, कौले फुटू लागली.

आता ती पुन्हा शाकारली जात आहेत. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो; मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही तालुक्यांतून जातो; कोलाडजवळ कुंडलिकेच्या प्रवाहात नौकाविहारासाठी शहरी तरुणांची गर्दी होते. (ज्या पाण्यावर त्या नौका चालतात ते भिरा येथील वीजकेंद्रातून सुटलेले, म्हणजे सेनापती बापटांच्या सत्याग्रहानंतरही बुडालेल्या मुळशी पेट्याचे पाणी होय.) राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यामुळे अशा घरांना अधिकृत आधारही मिळाला. वाडा जगण्याचे हे साधन आहे, आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र पाहुण्याला दाखविले जाते ते देवघर, झोपाळा, पितळी भांडी आणि गवती चहा. स्वयंपाकाला व झाडलोटीला येणारी स्त्री बहुधा त्याच परसदाराने येते.

गागोद्यास विनोबांचे जन्मघर पाहावयास येणाऱ्याला जन्माची खोली दाखविली जाते, आणि ते योग्यच आहे. पण या परिसरातील कोणत्याही वाड्याचा उरलेला भाग पाहावयाचा तर तलाठ्याच्या दप्तरात जावे लागते. १९५७ नंतरच्या फेरफार नोंदवहीत गट क्रमांकापुढे एक नाव आडवी रेघ मारून कमी केलेले असते आणि खाली दुसरे लिहिलेले असते. काही पानांवर तेच जुने नाव पुन्हा चढलेले दिसते. शेरा असतो : 'कुळाने राजीखुशीने कब्जा सोडला.' खाली डाव्या अंगठ्याचा ठसा असतो.