पायाखालचा माणूस

लहानपणी आमच्या गावातल्या मशिदीची खचलेली भिंत एका गवंड्यानं सावरली होती. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलची हकिकत वाचली आणि ते बोचू लागलं.

दलदलीच्या जमिनीवर उभं असलेलं हे जुनं चर्च १९०५ च्या सुमारास खचत होतं, भिंतींना तडे गेले होते. पाया खणला की खड्ड्यात पाणी भरे. उपसावं तर भिंतीच कोसळायची भीती. मग विल्यम वॉकर हा पाणबुड्या आला. १९०६ ते १९११, हिवाळ्यातही, तो रोज सहा तास गार, गढूळ पाण्यात उतरे. काळोखात हातांनी चाचपत त्यानं सुमारे २५ हजार पोती काँक्रीट रचलं. तळ असा बंद झाल्यावरच पाणी उपसून गवंड्यांना वरचं बांधकाम करता आलं.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत वॉकर गेला. १९६४ मध्ये त्याचा पुतळा बसवला, तर चेहरा निघाला अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांचा! ती चूक २००१ मध्ये सुधारली.

तिथल्या तळघरात आजही हिवाळ्यात पाणी चढतं. चर्च मात्र उभं आहे. यंदा गावी गेलो की म्हाताऱ्या माणसांना त्या गवंड्याचं नाव विचारणार आहे.