कापूस निर्यातीतील बाजारपेठांचे वैविध्य : जांब समर्थ परिसर आणि बांगलादेश

समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) सर्वपरिचित आहे. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे गाव जालन्याच्या कापूस पट्ट्यात मोडते. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाल्यावर या भागातील कापूस मनमाडमार्गे मुंबईस जाऊ लागला. आखूड धाग्याच्या भारतीय कापसाचा त्या काळातील मोठा ग्राहक जपान होता.

पुढे ग्राहक बदलत गेले. माल तोच राहिला. २००२ मध्ये बीटी वाणास परवानगी मिळाली. ते वाण आणणाऱ्या महिको कंपनीची स्थापना बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यातच केली होती, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. २०११-१२ मध्ये देशाची कापूस निर्यात सुमारे १३० लाख गाठींवर गेली. त्यातील मोठा वाटा एकट्या चीनचा होता. त्याच हंगामात ५ मार्च २०१२ रोजी केंद्र शासनाने निर्यातबंदी केली. आठवडाभरात ती शिथिल झाली. परंतु भाववाढीच्या आशेने कापूस घरात ठेवणाऱ्या शेतकऱ्यास निर्यात धोरणाची झळ थेट बसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

२०१४ नंतर चीनने आयात आवरती घेतली आणि बांगलादेश प्रमुख ग्राहक बनला. या देशात कापूस नाममात्र पिकतो. १९७० च्या दशकात त्याची बहुतांश निर्यात ताग व तागाच्या वस्तूंची होती. १९७९ मध्ये देश गारमेंट्सने दक्षिण कोरियातील देवू कंपनीशी करार करून सुमारे १३० कामगार प्रशिक्षणासाठी तिकडे पाठविले. तेथून तयार कपड्यांचा उद्योग विस्तारला व लक्षावधी ग्रामीण स्त्रियांना रोजगार मिळाला. आज त्या देशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे तागाची जागा कपड्याने घेतली, एकाच मालावरील अवलंबन कायम राहिले. तरीही कच्च्या मालाकडून पक्क्या मालाकडे झालेले हे स्थित्यंतर जालन्याच्या कापसाला साधलेले नाही, हा फरक निर्णायक होय.

केवळ ग्राहक देश बदलणे हे वैविध्य तकलादू असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानशी व्यापार थांबला. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भूमार्गाने येणाऱ्या भारतीय सुताची आयात बंद केली. घनसावंगी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस व मोसंबी वाढली, ती पाणी पोहोचले तेथेच. कोरडवाहू रानात आजही कापूसच उभा असतो.