कोरा चौकोन

ग्रंथालयात पुस्तकाला मान आहे. नियतकालिकाला त्याच्या निम्मा. आणि वेळेवर न निघणाऱ्या नियतकालिकाला तर कुणी दारात उभं करत नाही. मित्रांनो, ही बाब किरकोळ वाटते, पण नाही. आपला बराचसा इतिहास जाडजूड पुस्तकांत नाही, तो उशिरा निघालेल्या, मधेच बंद पडलेल्या अंकांत आहे.

आधी कारभार सांगतो. सूतगिरणीतली पाळी सुटली की मी वाचनालयात जाऊन बसतो, तिथल्या कारकुनाला विचारून विचारून हे शिकलो. वर्गणी आगाऊ भरायची, जानेवारी ते डिसेंबर. प्रत्येक नियतकालिकाचं एक कार्ड, कार्डावर महिन्यांचे चौकोन. अंक आला की चौकोनात तारीख पडते. नाही आला की चौकोन कोरा. मग एक स्मरणपत्र, मग दुसरं. वर्षअखेर हिशेबतपासनीस येतो आणि विचारतो, पैसे दिलेत, माल कुठाय? कारकून बिचारा कशाला अंगावर घेतोय! पुढल्या वर्षी वर्गणी बंद. आमच्या गिरणीतल्या हजेरीकार्डाची अन् या कार्डाची जात एकच. खाडा दिसतो, खाड्याचं कारण दिसत नाही.

या कामाला आपल्या देशात शास्त्राची शिस्त लावली एस. आर. रंगनाथन यांनी. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. नियतकालिकांसाठी त्यांनी तीन कार्डांची पद्धत बसवली. एक नोंदीचं, एक तपासणीचं, एक विषयवार सूचीचं. गंमत आहे ती तपासणीच्या कार्डात. ज्या आठवड्यात अंक यायला हवा त्या आठवड्याच्या खुणेमागं ते कार्ड लावायचं. अंक आला की कार्ड उचलून पुढच्या तारखेमागं. आठवडा उलटला आणि कार्ड तिथंच पडून राहिलं, तर लिहा स्मरणपत्र. माणसानं डोकं चालवलंय, मानलं पाहिजे. पण हे कार्ड हरवणारा अंक गाठण्यासाठी होतं. आपल्याकडच्या कारभारानं ते अंक तोडण्यासाठी वापरलं.

सगळ्यांचेच तोडतात असंही नाही. विद्यापीठांची, संशोधन संस्थांची त्रैमासिकंही उशिरा निघतात. अंकावर जानेवारी-मार्च आणि हातात पडतो दिवाळीला. कधी दोन अंकांचा एक जोडअंक. तिथं ग्रंथालय वर्गणी वर्षाची न धरता खंडाची धरतं. चार अंक पोचेपर्यंत पैसे चालू. पुरा खंड आला की कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. व्यवहार चोख आहे, माझी तक्रार नाही. पण ही सवलत कुणाला मिळते? ज्याच्या पाठीशी इमारत आहे त्याला.

बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला मे १९१७ मध्ये. तो खंड आजही जुन्या ग्रंथालयांत बांधीव सापडतो. आता त्याच माणसाचं मराठी पाक्षिक बघा.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’नं पैसे मोजून द्यायची तयारी असताना जाहिरातसुद्धा छापली नाही. बाबासाहेब लंडनला शिकायला गेले, पाक्षिक रखडलं, १९२३ ला संपलं. मग महाड. चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिलला. मधे चौदा दिवस! संपादक बिनपगारी. चोवीस चोवीस रकाने एका माणसानं लिहायचे. तोच माणूस कोर्टात वकिली करणार, पोटासाठी शिकवणार, गावोगावच्या परिषदांना जाणार, १९२८ साली सायमन कमिशनपुढं साक्ष देणार. वर्गणीदार मोजके, गाठीला पैसा नाही. अंक मागंपुढं व्हायला लागले. १५ नोव्हेंबर १९२९ ला बंद. ‘जनता’ त्यानंतर वर्षभरानं, २४ नोव्हेंबर १९३० ला.

चौकोनांच्या कार्डावर हे सगळं म्हणजे नुसती कोरी घरं. आळशी संपादक, अनियमित नियतकालिक. च्यायला, पाणी पिण्यासाठी डोकी फुटत होती आणि इकडं तारखेचा हिशेब!

ते अंक टिकले ते माणसांनी जपले म्हणून. चांगदेव भवानराव खैरमोडे बाबासाहेबांचं चरित्र लिहीत गेले, कागद गोळा करत गेले. त्यांचा संग्रह आता मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. १९७६ साली रत्नाकर गणवीर यांनी ‘बहिष्कृत भारत’चे अग्रलेख पुस्तकात आणले. वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनानं दोन्ही पाक्षिकं एकत्र छापली १९९० साली. म्हणजे शेवटचा अंक निघाल्यावर एकसष्ट वर्षांनी. तोवर कुणी पोरानं ग्रंथालयात जाऊन मागितलं असतं तर त्याला काय मिळालं असतं? आणि न मिळाल्यावर त्याला काय सांगितलं असतं? तुमच्या लोकांनी त्या काळात काही लिहिलंच नाही, असंच ना?

आपलाही अंक उशिरा निघतो. स्टेन्सिल कापणारा रात्रपाळीला, कागदाचे पैसे पगाराच्या तारखेवर. तो उशीर मला लपवायचा नाही. म्हणून माझी सूचना आहे. अंकावर ‘जून’ घालून तो सप्टेंबरात वाटायचं बंद करूया. महिना कुठलाही असो, अंकाचा क्रमांक सलग द्या. मधला महिना गेला तर क्रमांक गाळू नका, नाहीतर बांधणी करणारा न निघालेल्या अंकाची वाट बघत बसेल. जोडअंक असेल तर तसं ठळक लिहा. प्रत्यक्ष निघाल्याची तारीख मलपृष्ठावर टाका. आणि वर्गणी वर्षाची न घेता चार अंकांची घ्या, तसं पावतीवर लिहा, म्हणजे तपासनिसाला दाखवायला कारकुनाच्या हातात कागद राहील.

पोस्टावर सोडू नका. आपापल्या गावच्या वाचनालयात अंक स्वतः नेऊन द्या, समोर उभं राहून कार्डावर नोंद करून घ्या. आमच्या इथल्या कार्डावर आपले तीन चौकोन कोरे आहेत. ते तिन्ही अंक माझ्याकडं आहेत, येत्या सुट्टीला घेऊन जातोय.