‘ठाणे’ खोडून ‘पालघर’: कोरलड्रॉच्या एका फाइलची गोष्ट

आजचा भाग लोकलमध्ये ऐकत असाल तर विरार येईपर्यंत संपेल. आज किल्ला नाही, लढाई नाही. आज एका सॉफ्टवेअरचा इतिहास, आणि तो वसईतल्या एका लेटरहेडवरून.

१ ऑगस्ट २०१४. ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि आपण पालघर जिल्ह्यात आलो. मी तेव्हा नुकताच बारावी झालो होतो आणि वसई रोड स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात काम शिकत होतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं कोरलड्रॉमध्ये. त्या महिन्यात एकच काम वारंवार यायचं: ‘जि. ठाणे’ काढा, ‘जि. पालघर’ टाका. एक शब्द बदलायचा, दोन मिनिटांचं काम. निदान मला तसं वाटलं होतं.

जरा मागे जाऊ. स्क्रीनवर रेघा काढायची कल्पना जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडने ‘स्केचपॅड’ बनवलं. लाइट पेनने थेट पडद्यावर आकृती काढायची. त्याच दशकात फ्रान्समध्ये रेनॉ मोटार कंपनीतले पिएर बेझिए गाडीच्या गोलाईसाठी गणित मांडत होते. ठरावीक बिंदू द्या, त्यांच्यामधली वळणदार रेघ गणित काढून देईल. व्हेक्टर म्हणजे हेच. चित्र रंगीत ठिपक्यांनी नाही, बिंदू आणि वळणांनी साठवायचं. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरचा लोगो तीस फुटी फ्लेक्सवरही फाटत नाही.

१९८७मध्ये ॲडोबीचं इलस्ट्रेटर मॅकसाठी आलं. जानेवारी १९८९मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीने कोरलड्रॉ आणलं, आणि ते विंडोजवर चालायचं. आपल्याकडच्या दुकानांत साधे विंडोजचे पीसी होते. त्यामुळे इकडे कोरल रुजलं.

आणि ते सोपंही होतं! रंगावर डावं क्लिक केलं की आतला रंग, उजवं क्लिक केलं की बाहेरची रेघ. वस्तूवर एकदा क्लिक केलं की मोठी-लहान करा, पुन्हा क्लिक केलं की फिरवा. ओढता ओढता उजवं बटण दाबलं की कॉपी तयार. मला आठवड्यात हात बसला.

विक्षिप्तपणाही होताच. बाराव्या आवृत्तीनंतर तेरावी नाही, थेट ‘एक्स थ्री’! रोमन एक्स म्हणजे दहा, वर तीन. चार वस्तू एकेक क्लिक करून निवडल्या आणि एका रेषेत आणायच्या म्हटलं, तर शेवटी जिच्यावर क्लिक केलं ती जागची हलत नाही, बाकीच्या तिच्याकडे सरकतात. हे कुणी सांगत नाही, दोन-तीनदा चुकल्यावर कळतं.

आता मराठीची भानगड. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, पण दुकानांत वर्षानुवर्षं पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम चालायचं. त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. डोळ्यांना ‘वसई’ दिसायचं, कॉम्प्युटरला मात्र इंग्रजी चिन्हं. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की सगळा कचरा. म्हणून प्रेसला द्यायच्या आधी कंट्रोल-क्यू दाबायचं. याला आम्ही ‘कर्व्ह करणं’ म्हणायचो. अक्षरांचे आकार होतात आणि कुठेही छापता येतात. फक्त ती मग अक्षरं राहत नाहीत.

पारनाक्यावरच्या एका जुन्या दुकानाचं लेटरहेड आलं, तेव्हा मी इथेच अडकलो. सीडीवरची फाइल उघडली, सगळं कर्व्ह केलेलं. कोणता फॉन्ट होता ते आमच्या काकांनाही आठवेना. मी ‘ठाणे’ खोडलं आणि जवळपास दिसणाऱ्या फॉन्टमध्ये ‘पालघर’ टाकलं. प्रूफ बघून शेठ म्हणाले, “अरे पोरा, हा शब्द दुसऱ्या कोणी लिहिलाय का? माझ्या वडलांच्या वेळचं अक्षर आहे ते.”

काका शांतपणे म्हणाले, “कागदावरच शोध.” मी शोधलं. ‘पारनाका’मधून पा आणि र घेतले. खाली ‘घाऊक माल मिळेल’ होतं. ‘माल’मधला ल मिळाला, ‘घाऊक’मधला घा. काना वेगळा करायला ब्रेक अपार्ट केलं, तर ‘घ’चं पोट काळं भरलं. आतलं भोकही सुटा आकार झालेलं ना! ते पुन्हा कंबाइन केलं. शिरोरेषा जुळवली. एका शब्दाला पाऊण तास. शेठ बघून फक्त “हां, हे आमचं” म्हणाले.

तेव्हा मला भारी वाटलं होतं. आज वेगळं वाटतं. त्या ‘पालघर’ला कॉम्प्युटर शब्द मानतच नाही. ती फाइल उघडून ‘पालघर’ शोधा, काही सापडणार नाही. वसईतल्या कितीतरी पत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, मंडळांच्या स्मरणिका अशाच कर्व्ह होऊन सीड्यांवर पडल्यात. कुणाचं लग्न कुठे झालं, कोण कधी गेलं, हा आपल्या गावाचा इतिहास आहे. दिसतो, पण शोधता येत नाही.

उपाय तेव्हाही सोपा होता: कर्व्ह करायच्या आधी मॅटरची एक फाइल वेगळी ठेवायची. आता तर २०१२च्या एक्स सिक्सपासून कोरल देवनागरी नीट जुळवतं, आणि २००३पासूनचं इंकस्केप फुकट आहे. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्येच टाइप करता. तेव्हा घरातली पत्रिका किंवा स्मरणिका छापाल, तेव्हा डिझायनरकडून पीडीएफबरोबर मूळ मजकूरही मागून घ्या.

आणि घरात ‘जि. ठाणे’ छापलेलं वसईचं एखादं जुनं बिल असेल, तर फेकू नका. फोटो काढा, खाली मजकूर टाइप करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!