रणातली तहान कोणत्या कागदात सापडते?

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. १८६१ पासून तिथे गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. ऊन, हिवताप आणि रिकामपण यांनी काहींचं डोकं फिरे. त्या अवस्थेला ते ‘डुलाली टॅप’ म्हणू लागले. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपलाच ताप! साध्या गोऱ्या शिपायाचं दुःख असं शब्दकोशात जाऊन बसलं.

आमचा प्रश्न असा आहे की, त्याच इंग्रजांच्या फौजेत लढलेल्या महार शिपायाच्या दुःखाला कोणता शब्द मिळाला?

१ जानेवारीला आपण गाड्या भरून कोरेगाव भीमाला जातो. १८१८ ची ती लढाई आपल्याला पाठ आहे. कॅप्टन स्टाँटनची सुमारे ८०० जणांची तुकडी शिरूरहून रात्रभर चालत आली. समोर पेशव्यांची प्रचंड फौज होती. विजयस्तंभावर ४९ नावं आहेत, त्यांतली २२ ‘नाक’ प्रत्ययाची.

पण लढाईच्या वृत्तांतात आणखी एक गोष्ट येते. रात्रभर चाललेली ही माणसं दिवसभर अन्नपाण्याविना लढली. जवळच भीमा वाहत होती. तहानेने व्याकूळ झालेले गोरे तोफवाले शरणागतीची भाषा बोलू लागले, हे इंग्रजांनी लिहून ठेवलं. त्या २२ जणांना काय वाटत होतं, ते मात्र लिहिलं नाही. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता, त्यांची त्या दिवशीची तहान कशी होती? इतिहासाकडे याचं उत्तर नाही.

का नाही? कारण युद्धाचा अहवाल अधिकारी लिहितो, आणि तो वरिष्ठांसाठी लिहितो. त्यात किती मेले, किती जखमी झाले, काय जिंकलं एवढंच येतं. शिपायाच्या हाती तेव्हा लेखणी नव्हती, कारण ती त्याच्यापासून ठरवून दूर ठेवली होती.

पुढे लष्करी शाळांतून अक्षरओळख झाली. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत शिक्षक होते. पण १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरतीच बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज करण्यासाठीही लेखणी उचलली. भरती मागणाऱ्या अर्जात शौर्याचे पुरावे द्यावे लागतात. ‘आम्हाला भीती वाटली, आमचा भाऊ डोळ्यांदेखत तडफडला’ असं लिहून चालत नाही. अहवालाने शिपायाचा आकडा केला आणि अर्जाने त्याचा वीर केला. दोन्हींत माणूस मागे राहिला.

तो अर्ज त्या काळी गरजेचा होता, आणि शौर्याचा अभिमान आजही गरजेचा आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापाशी गेले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या तळ्याचं पाणी प्याले. अभिमानातून हक्काची लढाई उभी राहते, हे त्यांनी दाखवून दिलं. पण आज आपल्याला कुणाकडे शौर्याचा दाखला द्यायचा नाही. मग जयघोषानंतर थोडं थांबून, उरलेली गोष्ट आपण का विचारू नये?

१८१८ चे शिपाई आता बोलणार नाहीत. पण १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि १९६५, १९७१, १९९९ ची युद्धं पाहिलेली माणसं आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांची पदकं आपण पाहतो, पण त्यांची झोप का उडते हे विचारत नाही. पत्राची वाट पाहत घर चालवलेल्या त्यांच्या बायकांना तर कुणीच विचारत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांचं ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. ती वाट आपल्यापुढे आहे.

मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या एका निवृत्त जवानाच्या घरी जाऊन बसा. ‘किती मारले?’ असं विचारू नका. ‘पाणी कुठून मिळायचं?’ असं विचारा आणि ऐका.

जय भीम!