तळ्यातला मनोरा

आल्प्स पर्वत म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. निळंशार तळं, पलीकडे बर्फाची शिखरं, काठावर लाकडी घरं. हिंदी सिनेमानं हे चित्र इतकं ओळखीचं करून ठेवलंय, की ते तळं तिथं सृष्टीच्या आरंभापासून असणार, असं आपण धरूनच चालतो. पण आल्प्समधली सगळीच तळी हिमनद्यांनी कोरलेली नाहीत. काही माणसांनी केली आहेत, आणि तीही अलीकडे, विसाव्या शतकात. श्रोतेहो, आज मी तुम्हांला अशाच एका तळ्याकडे घेऊन जाणार आहे. त्याचं नाव रेशेन.

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमा जिथं जवळ येतात, तिथं दक्षिण टिरोल प्रांतात हे तळं आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर, लांबी साधारण सहा किलोमीटर. पायी भटकणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा हा मोठा आवडता मुलूख. मेरान शहरातून रेल्वेनं माल्सपर्यंत यायचं, तिथून सायकलीसकट बसनं वर चढायचं, आणि मग आदिजे नदीच्या सोबतीनं सुमारे ऐंशी किलोमीटर उतरत परत मेरान गाठायचं. चढ बसचा, उतार आपला! १९०६ साली सुरू झालेली ही रेल्वे १९९० मध्ये बंद पडली होती. २००५ मध्ये ती पुन्हा धावू लागली आणि सायकलवाल्यांची चंगळ झाली. वाट मात्र फार जुनी. रोमन सम्राट क्लॉडियस याच्या काळात, इसवी सन ४६-४७ च्या सुमारास पुरा झालेला 'व्हिया क्लाउडिया ऑगस्टा' हा रस्ता याच खिंडीतून आल्प्स ओलांडत असे.

तळ्याभोवतीची फेरी सुमारे पंधरा किलोमीटरची. मी ती सायकलवरून केली. पश्चिमेचा काठ शांत आहे, दक्षिणेला ३९०५ मीटर उंचीचं ऑर्टलर शिखर सोबत करतं. पूर्वेच्या काठावर ग्राउन हे गाव लागतं, आणि तिथं पाण्यातून सरळ वर आलेला एक दगडी मनोरा दिसतो. हा चर्चचा घंटामनोरा, चौदाव्या शतकातला. चर्च मात्र कुठंच नाही. चहूकडे नुसतं पाणी. लोक सायकली टेकवतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. या मनोऱ्याची हकिगत ऐकल्यावर मात्र तिथून पटकन पाय निघत नाही.

पूर्वी या पठारावर एका ओळीत तीन नैसर्गिक तळी होती. त्यांच्या अधेमधे कुरणं, शेतं आणि ग्राउन, रेशेन ही गावं. लोक जर्मन बोलणारे, गाईगुरं पाळून राहणारे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहानं, हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. पुढं मुसोलिनीच्या राजवटीत शाळांमधून जर्मन भाषा हद्दपार झाली, गावांची नावं बदलली. ग्राउनचं झालं कुरोन. म्हणजे पाणी येण्याआधी गावाचं नाव बुडालं होतं.

तळ्यांची पातळी वाढवून वीज निर्माण करण्याची कल्पना १९२० पासून होती, पण ती पाच मीटर वाढवण्याची. तेवढ्यानं गाव बुडत नव्हतं. १९३९ मध्ये मोंतेकातिनी या कंपनीनं नवा आराखडा पुढं केला. आता पातळी बावीस मीटर वाढणार होती. त्याची सूचना गावात लावली गेली ती इटालियन भाषेत, आणि ती वाचणारी माणसं गावात थोडीच. हरकत घेण्याची मुदत संपली, १९४० मध्ये मंजुरी मिळाली.

याच १९३९ सालात आणखी एक घटना घडली होती. हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात करार होऊन दक्षिण टिरोलच्या जर्मन भाषकांना सांगण्यात आलं, की एक तर देश सोडून जर्मनीत जा, नाहीतर इथं राहून इटालियन व्हा. बहुसंख्यांनी जाण्याच्या बाजूनं कौल दिला. प्रत्यक्षात गेले त्यापेक्षा कितीतरी कमी. पण घराघरांत 'जायचं की राहायचं' यावरून भांडणं लागली. ज्या गावाला आपण उद्या इथं असू की नाही हेच ठाऊक नाही, ते गाव धरणाविरुद्ध एकजुटीनं कसं उभं राहणार?

महायुद्धामुळे काम थांबलं. लोकांना वाटलं, संकट टळलं. पण १९४७ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, आणि पैसा आला स्वित्झर्लंडमधून. झुरिकच्या एका वीज कंपनीनं सुमारे तीन कोटी स्विस फ्रँक दिले. मोबदल्यात स्वित्झर्लंडला वीज मिळणार होती. आल्प्समध्ये हिवाळ्यात नद्या आटतात, नेमकी तेव्हाच विजेची मागणी वाढते. म्हणून उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी साठवायचं आणि हिवाळ्यात ते बोगद्यांतून खालच्या वीजगृहाकडे सोडायचं, हे या तळ्यांचं गणित.

आता गंमत बघा. गंमत म्हणवत नाही, पण बघा. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्येही, ऱ्हाइनवाल्ड खोऱ्यात, स्प्लुगन वगैरे गावं बुडवणाऱ्या धरणाची योजना होती. तिथल्या गावकऱ्यांनी नकार दिला. त्या देशात अशा कामाला ग्रामसभेची संमती लागत असल्यामुळे तो नकार मोजावा लागला. वीज कंपन्यांनी वरपर्यंत दाद मागितली, पण १९४६ मध्ये केंद्र सरकारनंही गावांच्याच बाजूनं निकाल दिला. स्प्लुगन आजही जागेवर आहे. मार्मोरेरा या दुसऱ्या स्विस गावानं १९४८ मध्ये मतदान करून धरणाला होकार दिला आणि ते बुडालं. त्या होकारामागं गरिबी किती होती हा वेगळा प्रश्न, पण निदान विचारलं तरी गेलं. ग्राउनला कुणी विचारलंच नाही.

गावाच्या बाजूनं उभे राहिले ते तिथले धर्मगुरू आल्फ्रेड रीपर. ते रोमला जाऊन पोप बारावे पायस यांना भेटले, पदाधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. उपयोग झाला नाही. हे ऐकताना आपल्याला मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. तिथंही धरण विजेसाठीच होतं, आणि १९२१ मध्ये सेनापती बापट मावळ्यांच्या बाजूनं सत्याग्रहाला उभे राहिले होते. मुळशीच्या पाण्याकाठानं पुण्याचे सायकलवाले आज मजेत जातात. त्यांतल्या कितीजणांना खालची गावं ठाऊक असतील?

१९४९ च्या उन्हाळ्यात चाचणी म्हणून पाणी अडवण्यात आलं आणि ते शेतांत शिरलं. १९५० च्या जुलै महिन्यात चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. १८ जुलैला मनोऱ्यावरच्या घंटा उतरवल्या. काही दिवसांतच चर्च पाडलं गेलं, घरं सुरुंगांनी उडवली गेली. एकूण १६३ घरं आणि ५२३ हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. भरपाई तुटपुंजी होती. कित्येक कुटुंबांना तात्पुरत्या बराकींत राहावं लागलं, अनेकांनी खोरंच सोडलं. आजचं ग्राउन हे वर, काठावर नव्यानं वसवलेलं गाव. मनोरा तेवढा वाचला, कारण तो जुनी वास्तू म्हणून संरक्षित होता. वास्तूला कायद्याचं संरक्षण होतं, तिच्या सावलीत राहणाऱ्या माणसांना नव्हतं!

मनोरा आता या खोऱ्याची खूण होऊन बसलाय. मार्को बाल्झानो या लेखकाची 'रेस्तो क्वी' ही कादंबरी २०१८ मध्ये आली आणि इटलीभर लोकांना या गावाची कथा नव्यानं कळली. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी तळं रिकामं केलं, तेव्हा जुन्या घरांच्या पायऱ्या, तळघरं आणि भिंतींचे अवशेष चिखलातून वर आले. ते बघायला माणसं गोळा झाली. दक्षिण टिरोलला १९७२ मध्ये व्यापक स्वायत्तता मिळाली आणि जर्मन भाषेला तिचा हक्क. वीजनिर्मितीही आता मुख्यतः प्रांताच्याच मालकीच्या कंपनीकडे आहे. म्हणजे ज्यांचं पाणी, त्यांच्याकडे कारभार आला खरा. पण जुन्या ग्राउनच्या दृष्टीनं फार उशिरा.

तिकडचे लोक सांगतात, हिवाळ्यात तळं गोठलं की मनोऱ्यातल्या घंटांचा आवाज येतो. घंटा तर १९५० मध्येच उतरवल्या आहेत. इतिहासाचा अभ्यासक अशा दंतकथांकडे सहसा हसून बघतो. मला मात्र वाटतं, ज्या गावाची हरकत एकाही कागदावर नीट उमटली नाही, त्या गावानं ती या घंटांवर सोपवली असावी.

तेव्हा कधी त्या बाजूला जाणं झालंच, तर फेरी जरूर मारा. तळं सुंदर आहे, आणि ते सुंदर आहे म्हणून आपण ओशाळण्याचं कारण नाही. जमलं तर वसंताच्या सुरुवातीला जा. हिवाळाभर वीज करून तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं आणि मनोऱ्यापर्यंत चालत जाता येतं. तिथं थोडं उभं राहा. पायांखाली जो चिखल असतो, तो कुणाचं तरी अंगण होता.