कार्डावर ५ लाख, पण गावच्या दवाखान्याचं काय?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मोफत होते. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा ५ लाख झाली. पण योजना यादीतल्या आजारालाच आणि यादीतल्या दवाखान्यातच चालते. तापा-खोकल्याला आपल्याला गावाजवळचं आरोग्य केंद्रच लागतं. तिथं १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी मोफत आहे. पण डॉक्टर आणि औषध हजर पाहिजे ना!

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानुसार राज्यांनी बजेटचा ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्चायला हवा. महाराष्ट्र अजून तिथवर पोचलेला नाही. वाशिमसारख्या आकांक्षित जिल्ह्याला ही कमी जास्त भोवते.

भरती होताना रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा. योजनेचा हेल्पलाइन नंबर १५५३८८.